घडी घातलेला कागद

केरसुणी बांधताना आत्या कधी बोलत नसे. बोलणार तरी कशी? सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं, दुसरं दातांत घट्ट धरलेलं आणि दोन्ही हातांत गवताची जुडी. जुडी फिरवायची, सुतळी ताणायची, पुन्हा फिरवायची. मध्येच कुणी काही विचारलं तर मानेने हो किंवा नाही, बाकीचं डोळ्यांनी. आळीतली माणसं थट्टा करत, "आत्याला गप्प बसवायचंय? एक जुडी गवत आणून द्या, झालं काम."

ही थट्टा चालायची तेव्हा गवत होतं. पूर्वी दिवसाला वीस-पंचवीस केरसुण्या सहज उठत. आता चार बांधून झाल्या की गवत संपे आणि पुढचा सगळा दिवस हात मोकळे राहत. मोकळे हात फार वाईट. त्यांना जुन्या गोष्टी आठवतात.

त्या सकाळीही ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून दुसरी केरसुणी बांधत होती. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती थोरल्या भावाच्या घरी परत आली, ती कायमचीच. भावाच्या मुलाची आत्या म्हणून हळूहळू सगळ्या आळीची आत्या झाली. आता घरात चौघं होती. थोरला भाऊ, ज्याला ती दादा म्हणे. त्याचा मुलगा, म्हणजे तिचा पुतण्या. पुतण्याची बायको, म्हणजे सूनबाई. आणि ती स्वतः. दादाची बायको, वहिनी, जाऊन सात वर्षं झाली होती. तिची कळशी मात्र चुलीमागच्या कोपऱ्यात पालथी होती. कुणी ती वापरत नव्हतं, कुणी हलवतही नव्हतं. झाडताना आत्या तिच्या भोवतीने झाडे.

मागच्या दारातून डोंगराचा उतार दिसायचा. उतारावर झाडं होती, सगळी एका जातीची, एका उंचीची, शिक्षा झालेल्या मुलांसारखी ओळीत उभी. प्रत्येकाच्या खोडाला तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला. वारा सुटला की हजारो बिल्ले खोडांवर आपटत. टिक टिक, टिक टिक. पाखरं त्या झाडांवर बसत नसत. सूनबाई म्हणे, "आवाजाची सवय होते, आत्याबाई." आत्याला बारा वर्षांत झाली नव्हती. तिला त्या टिकटिकीत दोनच शब्द ऐकू येत. विचार तरी. विचार तरी.

ते शब्द वहिनीचे होते.

त्या गावाची एक रीत होती. जमिनीच्या कागदावर घरातल्या बहिणीचा, आईचा, विधवेचा अंगठा लागे, कारण कायद्याने त्यांचाही हिस्सा असे. पण कागद त्यांच्यासमोर कुणी उघडत नसे. घरचा पुरुष तो घडी घालूनच आणी. मजकूर आत, आणि खाली अंगठ्यापुरती दोन बोटं जागा बाहेर. बाईने तिथे अंगठा टेकवायचा, शाई चिंधीला पुसायची आणि हातातल्या कामाला लागायचं. घडी उलगडणं म्हणजे भावावर, पोटच्या पोरावर संशय घेणं. घडी उलगडली की माहेर मिटलं, असं म्हणत. शाळा शिकलेल्या मुलीसुद्धा अंगठाच देत. सही केली तर वाचल्यासारखं दिसतं, असं म्हाताऱ्या बायका त्यांना लग्नाआधीच सांगून ठेवत. "बाईमाणसाच्या डोक्याला कागदाचा ताप कशाला?" असं पुरुष म्हणत, आणि खरोखर जिव्हाळ्याने म्हणत. या रीतीला सगळे मायाच समजत. म्हणून ती इतकी वर्षं टिकली.

बारा वर्षांपूर्वी दादा असाच कागद घेऊन आला होता. आत्या याच उंबऱ्यावर बसलेली, दातांत सुतळी. जुडी ऐन आवळायच्या वेळी सोडली तर गवत विस्कटतं, म्हणून तिने मान वर न करताच उजवा हात पुढे केला. दादाने शाईचं पॅड धरलं. वहिनी शेजारीच भांडी घासत होती. राखेचा हात तसाच ठेवून ती म्हणाली,

"वन्सं, काय लिहिलंय ते विचार तरी."

आत्याने मान हलवली. नाही. तोंडात सुतळी नसती तर ती म्हणाली असती, भावाला काय विचारायचं गं? तेवढंही बोलायची गरज तिला वाटली नाही. अंगठा टेकला, उचलला. शाईचा डाग गवतालाही लागला. त्या दिवशीच्या केरसुणीवर तो निळा ठसा कितीतरी दिवस होता; ती झिजून संपेपर्यंत आत्याने त्याच केरसुणीने घर झाडलं.

उतारावर आळीतल्या अकरा घरांचा हक्क होता. अकराही घरांत तोच कागद फिरला, तशीच घडी, तसेच अंगठे.

मग एक दिवस ट्रक आले. तारेचं कुंपण झालं, फाटक झालं, फाटकाला कुलूप लागलं. बायका विळे घेऊन गेल्या तर फाटकावरच्या माणसाने विचारलं, "कुठे निघालात?" चाळीस वर्षं ज्या वाटेने गेलं, तिथे कुठे निघालात म्हणून विचारणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

आता त्या उताराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कागदाने ते सांगितलं नव्हतं. उताराचे दोन भाग होते. एका वर्षी वरचा कापायचा, खालच्याने विसावा घ्यायचा. पुढच्या वर्षी उलट. बी गळून मातीत पडल्याशिवाय विळा लावायचा नाही. मुळाशी चार बोटं गवत ठेवायचं. हा नियम बायकांनी ठरवला होता आणि बायकांनीच पाळला होता, कारण गवत बायकाच कापत. कोणी घाई केली की, "काय गं, माती सोलून नेतेस का?" असा टोमणा पडे आणि तेवढा दंड पुरे होई. त्या गवताने माती धरून ठेवली, मातीने पाणी धरलं, आणि उताराच्या कुशीतून मनगटाएवढी धार बारा महिने वाहत राहिली. झरा म्हणत तिला. त्या झऱ्यावर अकरा घरांची तहान भागे, आणि आळीतल्या सगळ्या बातम्याही तिथेच धुतल्या जात.

झाडं लावली म्हणून कुणाला वाईट वाटलं नव्हतं. झाड वाईट कसं असेल? पण ही झाडं दूरच्या कुणाच्या तरी घाईने आली होती. ती भराभर वाढली आणि भराभर प्यायली. तिसऱ्या वर्षी धार करंगळीएवढी झाली. पाचव्या वर्षी दगड कोरडे पडले. धार थांबली त्या दिवशी कुंपणाबाहेरून बघत आळीतल्या सगळ्या बायका उभ्या होत्या. वहिनी आत्याच्या शेजारी होती. 'मी म्हटलं होतं' असं ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पाण्यासाठी मग जुन्या दगडखाणीत उतरावं लागे. खाण सोडून दिलेली, तळाशी हिरवं पाणी, कडा शेवाळलेल्या. एका सकाळी वहिनी तिथे गेली आणि परतली नाही. माणसं धावली तेव्हा कळशी काठावर होती. भरलेली, सरळ. म्हणजे पाणी भरून तिने कळशी नीट वर ठेवली, आणि मग पाय सरला. मूठमाती देताना दादाच्या हातून माती सुटेना. आत्याने त्याची मूठ उघडली.

तर त्या सकाळी, दुसरी केरसुणी बांधून झाली तेव्हा, पुढच्या दाराशी कुणीतरी खाकरलं.

"राखणदार आहेत का घरात?"

राखणदार म्हणजे तिचा पुतण्या. उताराच्या कुंपणाची किल्ली त्याच्याकडे असे आणि झाडं राखायचा पगार त्याला मिळे. ज्या उतारापायी आई गेली त्याचीच राखण मुलाने करावी, हे आळीला खटकत होतं. पण चुलीला खटकून चालत नाही.

दारात मोजणीवाला होता. वर्षातून एकदा येई आणि प्रत्येक झाडाचा मोबाईलवर फोटो काढून नेई. पोट सुटलेला, बोलका माणूस.

"तुमच्या झाडांच्या ऑफिसात गेलाय," आत्या म्हणाली. "किल्ली खुंटीला आहे. चला, मी उघडून देते."

"अहो मावशी, तुम्ही कशाला चढताय? झाडं काही पळून जात नाहीत. त्यांचा पगारच एका जागी उभं राहण्याचा आहे."

"चढते हो. बारा वर्षांत आत पाऊल टाकलं नाही मी."

फाटक उघडून ती आत गेली. पायाखाली सुकलेल्या पानांचा थर, चामड्यासारखा. त्याच्याखाली काही उगवत नव्हतं. गवताचं एक पातंही नाही, किडा नाही, मुंगी नाही. वाट मोडली होती, पण पायांना वाट माहीत होती. नवव्या ओळीत पाय आपोआप थांबले. चार गोल दगड. मधल्या दगडाला कळश्या टेकवून टेकवून पडलेली खाच. आणि अगदी तिथेच, धारेच्या तोंडावर, एक झाड.

"काय शोधताय, मावशी?"

"इथे झरा होता."

मोजणीवाल्याने मोबाईलवर बोट फिरवलं. "आहे की! हे बघा नकाशात. झऱ्याकाठ, ओळ नऊ. बारमाही लिहिलंय."

"मग नकाशातूनच एक कळशी भरून द्या."

तो हसायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. आत्या वाकून झाडाचा बिल्ला बघत होती. बाकीच्या बिल्ल्यांवर नुसते आकडे. यावर दोन ओळी मजकूर होता, परक्या लिपीतला.

"वाचा ना एवढं."

"तिकडच्या भाषेत आहे. सांगतो." त्याने चष्मा वर केला. "लिहिलंय की, आमच्या आजीच्या आठवणीसाठी. तिला वाहत्या पाण्याचा आवाज फार आवडायचा."

वारा पडलेला होता. कुठलाच बिल्ला वाजत नव्हता.

"कोण आहेत ही माणसं?"

"समुद्रापलीकडची. त्यांची आजी वारली, तिच्या नावाने त्यांनी झाड घेतलं. झऱ्याकाठचंच हवं म्हणून मुद्दाम मागून घेतलं. बाकीची बहुतेक झाडं कंपन्यांची हो. तिकडे विमानं उडतात, कारखाने चालतात, धूर होतो. तेवढ्या धुराची भरपाई म्हणून इथे झाड. हिशेब सारखा."

आत्याने तो बिल्ला बोटाने पुसला. मग म्हणाली, "म्हणजे आपलं अंगण झाडायचं आणि केर दुसऱ्याच्या दारात लोटायचा. केरसुण्या विकण्यात जन्म गेला माझा, हे गिऱ्हाईक मला चांगलं ओळखीचं आहे."

"पण ही आजीवाली माणसं तशी नाहीत, मावशी. दर वर्षी विचारतात, झाड कसं आहे? मी फोटो पाठवतो."

"आणि झऱ्याचं विचारलं तर?"

"विचारत नाहीत. तो आहेच असं धरून चालतात." मोजणीवाल्याने टाच घासली. "खरं सांगू? फोटो काढताना खालचे दगड मी येऊ देत नाही."

आत्या गुडघ्यांवर बसली आणि तिने खाचेच्या दगडाला कान लावला. त्या दगडाला कान लावला की आत खोल कुणीतरी कुजबुजल्यासारखं पाणी ऐकू येई. लहानपणी वहिनीच्या मुलाला, या राखणदारालाच, तिने तो आवाज कितीदा ऐकवला होता. आता आत काहीच नव्हतं. बराच वेळ काही नव्हतं. मग वाऱ्याची झुळूक आली आणि डोक्यावरचा बिल्ला हलला. विचार तरी.

खाली उतरताना तिने मोजणीवाल्याकडे एकच गोष्ट मागितली. त्या माणसांचा पत्ता. त्याने वहीचं पान फाडून लिहून दिला आणि म्हणाला, "माझं नाव सांगू नका, मावशी." जरा पुढे जाऊन तो परत फिरला. "नाही, सांगा. चालेल."

दुपारी पुतण्या आला. आत्या उंबऱ्यावर तिसरी केरसुणी बांधत होती. दादा बाजेवर बसून नखं कापत होता. सूनबाई दवाखान्यातून जेवायला आली होती. तिथे खिडकीशी बसून ती लोकांना औषधं देई.

"आत्या, जरा हात दे," पुतण्या म्हणाला. त्याच्या एका हातात शाईचं पॅड होतं आणि दुसऱ्या हातात कागद. घडी घातलेला. खाली दोन बोटं जागा.

"खालच्या पट्ट्याचा आहे," त्याने सहज सांगितलं. "शनिवारी द्यायचाय."

खालचा पट्टा म्हणजे कुंपणाबाहेर उरलेला शेवटचा तुकडा. रोजच्या चार केरसुण्यांचं गवत तिथलं. तिथे एका जागी माती अजून ओलसर असे. हाताने उकरलं तर वाटीभर पाणी जमे. आळीतल्या बायका त्या जागेचं नाव तोंडातून काढत नसत, दृष्ट लागेल म्हणून.

आत्याचा उजवा हात सवयीने पुढे गेला. अंगठा वर झाला. शाई लागण्याआधीच तिला तो ओला, गार स्पर्श जाणवला, जसा बारा वर्षं अधूनमधून झोपेतही जाणवे.

तिने हात मागे घेतला. दातांतली सुतळी काढली. आवळलेली जुडी सुटली आणि गवत फरशीभर पसरलं. आत्याने अर्धी जुडी सोडलेली त्या घराने कधी पाहिलं नव्हतं. दादाची कात्री थांबली.

"उघड कागद," आत्या म्हणाली.

"काय?"

"घडी काढ."

पुतण्याचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. "माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुझ्यावर आहे रे. कागदावर नाही."

"आत्या, अगं आळीत कळलं तर लोक तोंडात शेण घालतील. म्हणतील, आत्याने पुतण्याचा कागद उलगडला! अकरा घरांत कुणी..."

"अकरा घरांत कुणी उलगडला नाही, म्हणून अकरा घरं खाणीत पाण्याला गेली. सूनबाई, ये इकडे. वाच."

"तिला काय कळतंय त्यातलं?" पुतण्या एकदम म्हणाला.

"आठ वर्षं डॉक्टरच्या चिठ्ठ्या वाचते ती. डॉक्टरचं अक्षर! कुणाला कुठली गोळी, तिच्या वाचण्यावर अर्धं गाव जगतंय. आणि घरातला छापील कागद तेवढा तिला अवघड?"

सूनबाईने हात पुसले. नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. लग्नात तिनेही असाच अंगठा दिला होता, भावाच्या कागदावर, सही येत असताना.

"घडी राहू दे गं," बाजेवरून दादा म्हणाला. "आपल्यात तसं करत नाहीत."

आत्या त्याच्याकडे वळली. "दादा, एक सांग. तेव्हाचा कागद तू वाचला होतास?"

मांडीवरची कापलेली नखं एकेक उचलून दादा तळहातावर ठेवत राहिला. सगळी गोळा झाल्यावर म्हणाला, "मला कुठे वाचता येतं?"

पुतण्या वळला. "बाबा, तुम्ही तर पेपर..."

"चित्रं बघतो. पान उलटतो. तुझ्या आईला माहीत होतं." दादाने तळहातावरची नखं मुठीत आवळली. "कागद आणून देणाऱ्या माणसाने मलाही तो घडी घालूनच दिला होता रे. म्हणाला, तुम्ही मोठे, तुम्हाला काय सांगायचं. मग मी तरी कसा उघडणार? उघडला असता तर वाचावा लागला असता."

इतकी वर्षं बायकांना वाटत होतं की कागदात काय आहे ते पुरुषांना ठाऊक आहे. पुरुषांना वाटत होतं, देणाऱ्याला ठाऊक आहे. आणि देणाऱ्याला ज्यांनी पाठवलं, त्यांनी हा उतार फक्त नकाशात पाहिला होता.

सूनबाईने पुतण्याच्या हातातून कागद घेतला. त्याने ओढून धरला नाही. घडी उलगडताना चर्र असा बारीक आवाज झाला. ती औषधाच्या खिडकीत बोलायची त्याच स्वच्छ आवाजात वाचू लागली. दिशा, सीमा, आकडे. मग ती थबकली.

"पुढे वाच."

"खाली अंगठा करणारे जाहीर करतात की, सदर पट्टा पडीक असून कुणाच्याही वापरात नाही. तेथून कुणी गवत, सरपण अथवा पाणी घेत नाही, आणि पूर्वीही कधी घेत नव्हते."

"पुन्हा."

सूनबाईने पुन्हा वाचलं.

"पहिल्या कागदातही हेच होतं?" आत्याने पुतण्याला विचारलं.

तो खाली बघत होता. ऑफिसात त्याने जुनी प्रत पाहिली होती. "हेच. फक्त जागा बदललीय."

आत्या पसरलेल्या गवतात बसलेली होती. एक काडी उचलून तिने बोटांत फिरवली. "म्हणजे चाळीस वर्षं ज्या गवतावर मी जगले, तिथे मी कधी नव्हतेच. झऱ्यावर आम्ही नव्हतो. तुझी आई नव्हती. तू त्या दगडाला कान लावून हसायचास, तोही नव्हतास. आणि हे मीच लिहून दिलं. माझ्या अंगठ्याने." ती थांबली. "मला वाटायचं, वहिनी मला झपाटतेय. तिचं भूत म्हणून ते बिल्ले वाजतात. अरे, भुतं आपण आहोत. कागदावर मेलेली, इथे उगाच हिंडणारी."

"शनिवारी कागद गेला नाही तर माझी राखणदारी जाईल, आत्या," पुतण्या हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "दुसरं काय काम आहे इथे?"

"जाईल. ठाऊक आहे मला. आणि या खोलीत मी तुझ्या जिवावर राहते, हेही ठाऊक आहे."

"मी तसं कधी म्हटलं?"

"तू नाही म्हणत. रीत म्हणते. म्हणू दे. अंगठा मिळणार नाही."

पुतण्या ताटावर न बसताच निघून गेला. पॅड उंबऱ्यावरच राहिलं, झाकण उघडं. सूनबाई कागदाची पुन्हा घडी घालायला गेली तर आत्या म्हणाली, "नको. तसाच राहू दे." तिने तो भिंतीला खिळ्याने लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. घडीच्या रेघा काही गेल्या नाहीत.

नोकरी गेली. सरळ सांगतो, गोड करून सांगत नाही. शनिवार उलटला आणि किल्ली दुसऱ्याकडे गेली. पुतण्या गोदामात पोती उचलायला जाऊ लागला. आत्याशी तो दीड महिना बोलला नाही. जेवायचा, उठायचा, पाठ करून झोपायचा. आळीत कुजबूज झाली. दोन घरांनी आत्याकडून केरसुणी घेणं बंद केलं. एक म्हातारी दारासमोर मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "उतारवयात बाईला कायदा सुचला!"

आणि त्याच म्हातारीची सून पुढच्या आठवड्यात औषधाच्या खिडकीशी आली. चिठ्ठीखाली अजून एक कागद होता, घडी घातलेला. "गोळ्यांबरोबर हेही जरा वाचून दे," ती इकडेतिकडे बघत म्हणाली. तिच्यानंतर दुसरी आली, मग तिसरी. खालच्या पट्ट्यावर अकरा अंगठे हवे होते. शनिवारामागून शनिवार गेले, पाचच मिळाले. कुंपण अजून तिथेच थांबलं आहे. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही.

दीड महिन्यानंतरच्या एका सकाळी आत्या झाडत होती. कोपऱ्यापाशी आली आणि थांबली. कळशी जागेवर नव्हती. ती मागच्या दारी गेली. खालच्या पट्ट्यात, ओलसर जागेपाशी, पुतण्या मांड्या घालून बसला होता. खड्ड्यात जमेल तसं वाटीवाटीने पाणी काढून आईच्या कळशीत ओतत होता. कळशी निम्मी भरायला किती वेळ लागला असेल, देव जाणे. आत्या दारातूनच बघत राहिली. हाक मारली नाही.

त्या दिवशी दुपारी तिने सूनबाईला समोर बसवलं आणि मोजणीवाल्याने दिलेलं पान काढलं.

"पत्र लिहायचंय. समुद्रापलीकडे."

"आपल्या भाषेत त्यांना कळेल का, आत्याबाई?"

"त्यांची भाषा मला तरी कुठे कळत होती? घेतली ना मी वाचून. तेही घेतील. लिही."

सूनबाईने लिहिलं. आत्या सांगत होती, मध्येच खोडायला लावत होती, पुन्हा सांगत होती. शेवटी पत्र झालं ते असं:

"तुमच्या आजीचं झाड जोमात आहे. फोटोत दिसतं तसंच. तिला वाहत्या पाण्याचा आवाज आवडायचा असं बिल्ल्यावर वाचलं. आमच्या वहिनीलाही आवडायचा. तुमचं झाड जिथे आहे तिथेच तो आवाज होता. मी स्वतः ऐकलाय, चाळीस वर्षं. आता तो नाही, आणि वहिनीही नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण आम्ही तिथे कधी नव्हतो असं कागदावर लिहिलेलं आहे, आणि त्यावर माझा अंगठा आहे. कागद मला उघडून दाखवला नव्हता. तुम्हालाही दाखवला नसावा असं वाटतं. झाड तोडा असं मी म्हणत नाही. त्या बिचाऱ्याला कोणी विचारून लावलं? पण यंदा फोटो मागाल तेव्हा खालचे दगडही दाखवा म्हणून सांगा. आणि विचारा. जे काही मनात येईल ते विचारा. आम्ही इथेच आहोत."

"सही करा," सूनबाई म्हणाली. "मी शिकवते. तीनच अक्षरं आहेत तुमच्या नावात, आत्याबाई, आज शिकाल."

"नाव शिकेन नंतर. यावर अंगठाच पाहिजे. ज्याने केलं, त्यानेच सांगितलं पाहिजे."

पॅड वाळलं होतं. सूनबाईने त्यावर दोन थेंब पाणी टाकलं, त्या सकाळच्या कळशीतलं. दादा बाजेवरून उठून जवळ आला होता. पुतण्या दारात उभा होता. आत्याने पत्र फरशीवर सपाट अंथरलं, चारी कोपऱ्यांवर चार बोटं ठेवली आणि म्हणाली, "अजून एकदा वाच." सूनबाईने पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. बाहेर वारा सुटला होता, बिल्ले वाजत होते, आणि त्या आवाजात वाचलेला एकही शब्द हरवला नाही.

मग आत्याने अंगठा टेकवला. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा, उघड्या कागदावर.